घनमीटर की किलो? मुंबईतल्या एका सोसायटीच्या गॅसदराचे प्रकरण

हे प्रकरण मध्य मुंबईतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आहे. संस्थेचे, पुरवठादाराचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. गॅसचा विषय बघायला नेमलेल्या तिघांच्या उपसमितीत मी होतो. आकडे आमच्या नोंदवहीतले आहेत आणि सरकारी तेल कंपन्यांचे भाव त्या त्या महिन्यात जाहीर झालेले आहेत. ज्या सोसायट्यांमध्ये पाइपने नैसर्गिक गॅस अजून पोचलेला नाही आणि सगळी इमारत सिलिंडरच्या बँकेवर (एकत्र जोडलेल्या सिलिंडरच्या रांगेवर) चालते, त्यांना हे उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

दोन विंग, ८४ घरे. २०१५ मध्ये ताबा मिळाला तेव्हा रस्त्यापलीकडच्या इमारतींना नैसर्गिक गॅस होता, पण आमच्या गल्लीत लाइन नव्हती. बिल्डरने एका खासगी एलपीजी पुरवठादाराशी करार करून मागच्या अंगणात गॅस बँक बसवून घेतली. १९ किलोचे दहा सिलिंडर एका बाजूला, दहा दुसऱ्या बाजूला, मध्ये आपोआप बाजू बदलणारा रेग्युलेटर. तिथून पाइपने प्रत्येक स्वयंपाकघरात गॅस आणि दाराबाहेर मीटर.

मुंबईत घर गरम करावे लागत नाही, आंघोळीचे पाणी मात्र बाराही महिने तापवावे लागते. ८४ पैकी ५२ घरांत गॅस गीझर आहेत. त्यामुळे आमचा वापर नुसत्या स्वयंपाकाच्या घरापेक्षा जास्त. रीडिंग घ्यायला पुरवठादाराचा माणूस यायचा आणि बिल थेट ज्याच्या त्याच्या घरी जायचे. संस्थेच्या हिशेबात हा विषय कधी आलाच नाही, म्हणून नऊ वर्षे कोणी तो मुळापासून बघितला नाही.

तक्रार कशी सुरू झाली

जुलै २०२४ च्या सभेत पाचव्या मजल्यावरच्या एका आजींनी दोन बिले पुढे ठेवली, एक आपले आणि एक डोंबिवलीला राहणाऱ्या लेकीचे. "तिच्याकडे पाच माणसं, महिन्याला एक सिलिंडर, आठशे रुपये. आम्ही दोघंच, आणि बिल चौदाशे. असं कसं हो?"

सरासरी बिल खरोखरच चौदाशेच्या घरात होते. मुंबईत त्या वेळी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ८०२.५० रुपयांना होता, म्हणजे किलोला साडेछप्पन रुपये. आमच्या बिलावर किलो हा शब्दच नव्हता. दर होता घनमीटरला २४५ रुपये, करासकट. पुरवठादाराला फोन केला तर उत्तर तयार होते: एक घनमीटर म्हणजे अडीच किलो, तेव्हा तुम्हाला किलोला ९८ रुपये पडतात. बँक, मीटर, देखभाल, रीडिंग सगळे त्यातच आले.

९८ हा आकडा ऐकून निम्मी सभा शांत झाली. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा मुंबईतला भाव त्या महिन्यात १५९८ रुपये होता, म्हणजे किलोला ८४. वर १४ रुपये सेवेचे, असे लोकांनी मनाशी धरले. उरलेल्या निम्म्यांचे म्हणणे होते की दुसरा स्वस्त पुरवठादार शोधा आणि विषय संपवा. त्याच सभेत उपसमिती नेमली गेली. आम्हाला दिलेले काम एका ओळीचे होते: कमी दराची तीन कोटेशने आणणे.

कामच चुकीचे दिले गेले होते आणि आम्हीही ते तसेच घेतले. पहिले तीन आठवडे आम्ही फक्त कोटेशने गोळा करत बसलो.

करार सापडला

कोटेशन मागायला गेलो तेव्हा पहिल्याच पुरवठादाराने विचारले, "जुना करार कधी संपतो?" आम्हाला करार आहे हेच धड माहीत नव्हते. सचिवांनी बिल्डरकडून हस्तांतरणात आलेल्या फायली काढल्या. लिफ्टच्या वॉरंटीच्या कागदांखाली तो निघाला. एप्रिल २०१५ पासून दहा वर्षे फक्त याच कंपनीकडून गॅस घ्यायचा. बँक, रेग्युलेटर आणि मीटर कंपनीच्या मालकीचे. करार संपण्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत, लेखी नोटीस दिली नाही तर तो आपोआप आणखी पाच वर्षे वाढणार.

हातात जेमतेम दोन महिने होते. आजींनी ती बिले दिवाळीनंतरच्या सभेत आणली असती तर २०३० पर्यंत बोलायची सोय राहिली नसती. खजिनदारबाईंनी तारीख नोटीस बोर्डावर लाल शाईने लिहिली आणि खाली दोन शब्द टाकले: विसरू नका.

वजनाचे अठ्ठावीस दिवस

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय कोटेशनांचा नव्हताच. "एक घनमीटर म्हणजे अडीच किलो" हे वाक्य तपासून बघायचे ठरवले, तो निर्णय मोलाचा.

गॅसचे आकारमान तापमान आणि दाब यांवर बदलते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. शून्य अंशाला आणि ब्यूटेनचे प्रमाण फार जास्त असेल तर एका घनमीटरचे वजन अडीच किलोच्या जवळ जाते. मुंबईत तीस अंशांत, नेहमीच्या मिश्रणाला ते सव्वादोनच्या खालीच राहायला हवे. आमच्यातले एकजण रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले आणि म्हणाले, "माझ्या हिशेबावर जाऊ नका, काटा आणा."

वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजन-मापे खात्याचा, ताजा शिक्का असलेला प्लॅटफॉर्म काटा भाड्याने आणला. आत येणारा प्रत्येक भरलेला सिलिंडर आणि बाहेर जाणारा प्रत्येक "रिकामा" सिलिंडर काट्यावर चढला. रिकाम्या बाटल्याचे मूळ वजन त्याच्या मानेजवळच्या पट्टीवर कोरलेले असते. ते वजा केले की आतला गॅस कळतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही बँकेची बाजू बदलतानाच केले, म्हणजे अर्धवट सिलिंडरचा घोळ राहत नाही. त्याच दोन सकाळी सगळ्या ८४ मीटरांची रीडिंग घेतली. पहिला प्रयत्न फुकट गेला. नऊ घरांना कुलूप होते आणि त्यांची रीडिंग अंदाजाने भरली गेली. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला नव्याने सुरुवात केली आणि कुलूपबंद घरांच्या मीटरचे फोटो शेजाऱ्यांकडून मागवले.

निकाल असा आला. २८ दिवसांत ६० सिलिंडर, म्हणजे ११४० किलो गॅस आत आला. त्यातला ९६ किलो "रिकाम्या" सिलिंडरमधून परत गेला. वापरला गेला १०४४ किलो. मीटरांची बेरीज ४८६ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे २.१५ किलो.

२४५ रुपये भागिले २.१५ केले की किलोला ११४ रुपये होतात. ९८ नव्हेत. ज्या आकड्यावर सभा शांत झाली होती, त्याहून हा १६ रुपयांनी जास्त. पुरवठादाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. अडीच हा आकडा त्यांच्या छापील तक्त्यातला होता, आणि तो मुंबईच्या हवेला लागू नाही हे आम्हीही नऊ वर्षे विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट वजनातूनच कळली. परत जाणाऱ्या प्रत्येक सिलिंडरमध्ये सरासरी १.६ किलो गॅस शिल्लक होता. कारण सकाळी सातला बँकेपाशी उभे राहिल्यावर दिसले. सिलिंडरच्या खालच्या भागावर घाम सुटल्यासारखे पाणी, हात लावला तर बर्फासारखा गार. आत द्रवरूप गॅसची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. एकाच वेळी पन्नास गीझर चालू झाले की दहा सिलिंडर तेवढ्या वेगाने वाफ देऊ शकत नाहीत, दाब पडतो, आणि रेग्युलेटर ती बाजू संपली असे समजून दुसऱ्या बाजूला जातो. गॅस मात्र तळाशी तसाच राहतो. सकाळी ज्योत मंद होते अशी सुनांची जुनी तक्रार होती. तिचेही कारण हेच.

या १.६ किलोचा अर्थ आम्हाला नीट कळायला आठवडा लागला. घनमीटरने बिल असेतोवर हा तोटा रहिवाशांचा नव्हता, कारण मीटरमधून न गेलेल्या गॅसचे पैसे लागत नव्हते. सिलिंडरच्या भावाने खरेदी सुरू केली की मात्र तो थेट आमच्या माथी येणार होता.

वजन करताना दोन सिलिंडरच्या पट्टीवर ए-२४ अशी खूण दिसली. याचा अर्थ त्यांची चाचणी मार्च २०२४ पर्यंत व्हायला हवी होती. अक्षर तिमाहीचे असते आणि आकडा वर्षाचा. ते दोन्ही सिलिंडर आम्ही तिथूनच परत पाठवले.

समोर असलेले पर्याय

*घरोघरी घरगुती सिलिंडर.* किलोला साडेछप्पन, सगळ्यात स्वस्त. पण प्रत्येक घराने वेगळे कनेक्शन घ्यायचे, वर्षाला १५ सिलिंडरची मर्यादा सांभाळायची आणि सोळाव्या मजल्यापर्यंत प्रत्येक स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर ठेवायचा. एका सदस्याने सुचवले की प्रत्येकाच्या नावचे घरगुती सिलिंडर आणून खाली बँकेलाच जोडू. घरगुती कनेक्शनचा सिलिंडर त्याच्या घरच्या चुलीसाठी असतो. तो असा वळवणे केंद्र सरकारच्या २००० च्या एलपीजी पुरवठा आदेशात बसत नाही. हा विषय तिथेच थांबवला.

*दुसरा खासगी पुरवठादार.* किलोला ८८ रुपये, नवीन मीटर फुकट, करार पाच वर्षांचा. खजिनदारबाई सही करायच्या बेतात होत्या. मी एकच प्रश्न विचारला: हा दर कशावरून ठरला आणि पुढच्या महिन्यात कशावरून ठरणार? कागदावर लिहिले होते, पहिले तीन महिने ८८, त्यानंतर "कंपनीच्या प्रचलित दरानुसार". म्हणजे सवलत ज्या भावावर मिळणार तो भावही तेच ठरवणार. त्यांच्या माणसाने आणखी एक सूचना केली की बँक आतल्या बंद पार्किंगमध्ये हलवून सिलिंडर वाढवू. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीवर आणि गटारात साचतो. बंद पार्किंगमध्ये एक ठिणगी पुरेल. या सूचनेनंतर तो पुरवठादार माझ्या मनातून उतरला.

*सरकारी तेल कंपनीच्या वितरकाकडून थेट १९ किलोचे सिलिंडर.* सप्टेंबरात भाव १६४४ रुपये होता, त्यात १८ टक्के जीएसटी. घरगुती वापराच्या एलपीजीवर कर ५ टक्के असतो. आमचा वापर पूर्णपणे घरगुती, पण बिल संस्थेच्या नावावर व्यावसायिक सिलिंडरचे. ५ टक्के लागतील का, याचे लेखी उत्तर शेवटपर्यंत आले नाही, म्हणून दोन्ही हिशेब केले. ५ टक्क्यांनी किलोला ७७ पडतो. पण परत जाणारा गॅस धरला की ८४. वर रीडिंग, बिले आणि देखभालीला महिन्याला सहा हजार, म्हणजे किलोमागे साडेपाच. झाले साडेएकोणनव्वद. १८ टक्क्यांनी हाच हिशेब शंभराला टेकतो. शिवाय बँक आणि मीटर विकत घ्यावे लागणार होते ते वेगळेच. पेसोचा (स्फोटके आणि गॅस सिलिंडरची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवानाही सोसायटीच्या नावावर घ्यावा लागला असता, कारण १०० किलोपेक्षा जास्त भरलेला एलपीजी साठवायला तो लागतो आणि आमच्याकडे ३८० किलो असतो.

*टाकी किंवा ४२५ किलोचे मोठे सिलिंडर.* टाकीभोवती मोकळी सुरक्षित जागा लागते, मोठ्या सिलिंडरला वाफ करणारे यंत्र लागते. मुंबईतल्या अंगणात दोन्ही बसत नाहीत. अर्ध्या तासात विषय संपला.

*पाइपचा नैसर्गिक गॅस.* जुलै २०२४ मध्ये महानगर गॅसचा घरगुती दर घनमीटरला ४८ रुपये होता. उष्णतेच्या हिशेबाने एक किलो एलपीजी म्हणजे साधारण सव्वा घनमीटर नैसर्गिक गॅस. म्हणजे किलोला ६० ते ६२ रुपयांच्या तोडीचा, आणि सिलिंडर उचलण्याचे नाव नाही. शेवटी जायचे तिथेच, यावर तिघांचेही एकमत होते. अडचण रस्त्याची. खोदकामाची परवानगी हवी आणि पावसाळ्यात खोदकाम बंद. कधी होईल हे सांगता येत नव्हते.

निर्णय

पहिली पायरी म्हणून १२ सप्टेंबरला नोटीस दिली आणि पोच घेतली. काही सदस्यांना भीती होती की कंपनी चिडून पुरवठा तोडेल. करार मार्च २०२५ पर्यंत होता, तेव्हा तोडणे त्यांनाच महागात पडले असते.

नोटीस पोचल्यावर आठ दिवसांत कंपनीचे वरिष्ठ स्वतः आले. वजनाची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पंधरा मिनिटे बघितली आणि वाद घातला नाही. विशेष सर्वसाधारण सभेत त्यांच्याशीच नव्या अटींवर करार करायचे ठरले. बिल किलोने, आत आलेल्या वजनातून परत गेलेले वजन वजा करून. त्या किलोंची वाटणी घरोघरच्या मीटरप्रमाणे. दर असा: मुंबईत १ तारखेला जाहीर होणारा १९ किलोच्या सिलिंडरचा भाव, त्यातला कर काढून किलोला जे पडेल ते, अधिक सेवेचे १० रुपये, वर ५ टक्के कर. मुदत दोन वर्षे. नैसर्गिक गॅस आला तर ६० दिवसांच्या नोटिशीवर करार संपतो.

सौदी अरामको कंपनी दर महिन्याला एलपीजीची जी करार-किंमत जाहीर करते, तिला दर बांधायचा असा कंपनीचा आग्रह होता. आपल्याकडचा बराच एलपीजी आयात होतो आणि भाव तिथूनच ठरतो, हे खरे. पण ती किंमत डॉलरमध्ये, टनाला आणि प्रोपेन-ब्यूटेनची वेगवेगळी. १ तारखेला जाहीर होऊन वर्तमानपत्रात छापून येणारा भाव आजींनाही तपासता येतो. यावर आम्ही हटलो नाही.

सप्टेंबरच्या भावाने नवा दर किलोला ८७.५० होत होता. दुसऱ्या पुरवठादाराच्या तीन महिन्यांच्या आमिषापेक्षा तो ५० पैशांनी कमी आणि सरकारी सिलिंडरच्या खऱ्या हिशेबापेक्षा दोन रुपयांनी.

पुढे काय झाले

नवा दर १ नोव्हेंबरपासून लागू झाला आणि पहिल्याच बिलाला गदारोळ झाला. आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर उत्साहाने लिहिले होते: "दर ८७.५० रुपये, घरामागे महिन्याला ३३० रुपये बचत." पण सप्टेंबर ते नोव्हेंबर भाव चढतच गेला. नोव्हेंबरात सिलिंडर १७५४.५० ला होता, डिसेंबरात १७७१ ला. त्यामुळे आमचा दर ९२.७० आणि मग ९३.४० झाला. थंडीत पाणीही जास्त तापते, वापर वाढला. "समितीने फसवले" इथपर्यंत लोक बोलले.

खजिनदारबाईंनी मग दर महिन्याच्या २ तारखेला बोर्डावर एक कागद लावायला सुरुवात केली. त्यावर वर्तमानपत्रातले कात्रण, भागाकार, अधिक दहा, अधिक कर आणि शेवटी दर. चार ओळींचे गणित. जानेवारीत दर थोडा उतरला तेव्हा आधी सर्वात मोठ्याने भांडलेल्या गृहस्थांनीच तो हिशेब लिफ्टमध्ये मला समजावून सांगितला. जुना दर असता तर डिसेंबरातही प्रत्येक घराला पावणेतीनशे रुपये जास्त लागले असते.

परत जाणाऱ्या गॅसचे वजन कंपनीनेच कमी केले. रेग्युलेटर दुरुस्त करून बदलाचा दाब नीट लावल्यावर शिल्लक १.६ वरून सरासरी ०.९ किलोवर आली. पहाटेची ज्योत पूर्वीपेक्षा बरी आहे, पूर्ण सुधारलेली नाही.

आज करायचे तर वेगळे काय

पहिल्या आठवड्यात कोटेशनच्या आधी करार शोधला असता आणि काटा आणला असता. आमचे तीन आठवडे कोटेशनांत गेले, आणि ती एकमेकांशी तोलताही येत नव्हती. एकाने घनमीटरचा दर दिला होता, एकाने किलोचा, एकाने सिलिंडरचा.

बचतीचा आकडा बिल हातात येण्याआधी जाहीर केला नसता. लिहायचे होते ते सूत्र, आणि आम्ही लिहिला दर.

भाडेकरूंना सभेत बोलावले असते. गॅसचे बिल तेच भरतात, पण सभेच्या सूचना मालकांना जातात. अशा १९ घरांना नवा हिशेब पहिल्या बिलावरूनच कळला.

आणि एक गोष्ट, जी दराच्या शोधात निघालो म्हणूनच दिसली. रीडिंग घेताना आम्ही घरोघर गेलो तेव्हा ११ घरांत गॅस गीझर बाथरूमच्या आत होते. खिडकी बंद, धूर बाहेर जायला नळी नाही. अशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळीला गेलेला माणूस तिथेच कोसळू शकतो. ही तपासणी ताबा मिळाला त्याच वर्षी व्हायला हवी होती. त्या अकरापैकी आठ घरांनी गीझर बाहेरच्या ड्राय बाल्कनीत हलवले आहेत. तीन घरांकडे अजून जातो आहोत. परवाच एकाकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि पुढच्या महिन्यात करतो म्हणाले. त्यांची मुलगी दहावीला आहे, सकाळी साडेपाचला उठून आंघोळ करते. येत्या रविवारी प्लंबरलाच सोबत घेऊन जायचे ठरवले आहे.